मूळ स्थितीत

मंगळवारी सकाळी, दोन साच्यांतलं प्लास्टर घट्ट व्हायची वाट बघत असताना, मला माझं जुनं खोटं फोनवर दिसलं. नऊ फोटो होते आणि चौदा जणांनी त्यावर बोली लावलेली होती. निळसर करडी डायल, सोनेरी काटे, सहाच्या आकड्याच्या जागी सेकंदांची छोटी गोल चकती, आणि मिनिटकाटा बाहेरच्या रेघांपर्यंत पोचायच्या जरा आधीच संपलेला. इतकं जरासं की दहातल्या नऊ जणांच्या ते लक्षात येणार नाही. माझ्या आलं, कारण तो काटा मीच आखूड केला होता. भीती वाटलीच, पण तिच्याबरोबर आणखीही काहीतरी आलं आणि ते कबूल करायला हवं, ते म्हणजे कुतूहल. अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला माणूस रस्त्यात समोरून यावा आणि तोंड लपवायचं सोडून आपण त्याच्या कपड्यांकडे बघत राहावं, तसा मी ते घड्याळ बघत राहिलो. पट्टा नवा होता. काच कोणीतरी पुसून लख्ख केली होती. एकूण तब्येत बरी दिसत होती. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमचं चाक नुसतंच फिरतंय," तेव्हा कुठे मी घासायची मोटर बंद केली.

माझा धंदा खोटे दात करण्याचा. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या मागच्या लांबोळक्या खोलीत तीन टेबलं आहेत, त्यातलं खिडकीजवळचं माझं, कारण दाताचा रंग जुळवायला उजेड लागतो. दात पांढरा असतो असं लोकांना वाटतं. तो पिवळा, राखी, थोडासा हिरवटसुद्धा असतो आणि टोकाला जवळजवळ काहीच रंग नसतो. शेजारच्या खऱ्या दाताकडे बघून त्याच्यासारखाच थकलेला, चहा प्यायलेला दात करायचा, हे माझं कसब. सत्तावीस वर्षं मी हेच करतो आहे आणि माझा दात कोणी ओळखला तर मला वाईट वाटतं. त्याच खिडकीत, त्याच भिंगाखाली, प्लास्टर घट्ट होईपर्यंतच्या दहाबारा मिनिटांत, मी जुनी घड्याळं बघतो. चावीची, मनगटी, माझ्या जन्माच्या आधीची.

ऑनलाइन लिलावात जुनं घड्याळ घेणं म्हणजे काय ते ज्याने केलं नाही त्याला सांगून पटत नाही. फोटो असा की घड्याळ कुठलं आणि टेबलावरचा डाग कुठला ते कळू नये. खाली लिहिलेलं असतं, 'चालू आहे की नाही माहीत नाही, मला घड्याळातलं कळत नाही.' ह्याचा अर्थ, बंद आहे आणि त्याला चांगलं माहीत आहे. सात दिवस जीव टांगणीला लावून बसायचं, रोज चार वेळा जाऊन बघायचं, आणि शेवटचे सहा सेकंद उरलेले असताना कुठूनतरी एक नाव नसलेला माणूस येतो आणि आपल्यापेक्षा थोडीशी जास्त बोली लावून घड्याळ घेऊन जातो. तो दर वेळी तोच असतो असं मला उगीचच वाटतं. तो कुठे बसतो, त्याला बायको आहे का, शेवटच्या सहा सेकंदांत तो श्वास घेतो का, ह्याचा मी फार विचार केला आहे. विकायला बसलं की वेगळंच. साठ वर्षांच्या घड्याळावर ओरखडा आहे अशी तक्रार येते. पाण्यात चालेल का, असं विचारतात. एकाने घड्याळ परत पाठवलं, कारण रोज चावी द्यावी लागते हे मी आधी सांगितलं नव्हतं. आणखी एकाने परत पाठवलं ते मोज्यात गुंडाळून, एकाच, आणि दुसरा मोजा मागायला महिनाभर निरोप पाठवत राहिला.

तरी ह्या जगात माझं नाव आहे. नाव म्हणजे टोपणनाव. जुन्या घड्याळांच्या ग्रुपवर मला 'भिंग' म्हणतात. कोणाला काही घ्यायचं असलं आणि शंका आली की कोणीतरी लिहितं, 'भिंगाला विचारा.' मी विकायला काढलेल्या घड्याळाचं वर्णन वाचून लोक हसतात, कारण ते वाचून ते घड्याळ कोणी घेऊ नये असंच मी लिहिलेलं असतं. काच बदललेली, चावी दुसऱ्याच कंपनीची, झाकणावर चाकूचा ओरखडा, दिवसाला तीन मिनिटं मागे पडतं. त्यामुळे माझी घड्याळं स्वस्तात जातात आणि माझा शब्द महाग झाला आहे. ह्या शब्दाची मला किती चटक लागली होती ते त्या मंगळवारपर्यंत माझं मलाही माहीत नव्हतं. दवाखान्यात मी मागच्या खोलीतला माणूस आहे. ज्यांच्या तोंडात माझे दात आहेत त्यांनी मला कधी बघितलेलंसुद्धा नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी ह्यात नवा होतो, ग्रुपवर कोणी मला ओळखत नव्हतं. एका गृहस्थांचा निरोप आला होता. त्यांनी फोटो पाठवला नव्हता, वहीच्या कागदावर पेन्सिलीने काढलेलं एक घड्याळ पाठवलं होतं, आणि रंग शब्दांत लिहिले होते. डायल निळसर करडी, 'ढगाळ दिवशी बादलीतलं पाणी दिसतं तशी.' काटे सोनेरी. वडिलांकडे असंच होतं, त्यांनी लिहिलं होतं, मला अगदी असंच हवं आहे, कुठेही मिळालं तर कळवा. चित्रातल्या डायलवर ज्या कंपनीचं नाव होतं तिची जुनी माहितीपत्रकं मी चाळली. निळसर करडी डायल होती, पण तिच्यावर कायम पोलादी काटे. सोनेरी काटे होते, पण पांढऱ्या डायलवर. दोन्ही एकत्र कधीच नाही. माणसाला लहानपणचा रंग चुकीचा आठवतो, त्यात नवल नाही. आमच्या जुन्या घराचं दार मला हिरवं आठवतं आणि माझी बहीण शपथेवर सांगते की ते तपकिरी होतं. मी त्यांना तसं कळवायला हवं होतं. त्याऐवजी मी कपाट उघडलं. माझ्याकडे एका घड्याळाची चांगली केस, म्हणजे बाहेरची डबी, होती, दुसऱ्या एका मेलेल्या घड्याळातलं मशीन होतं आणि तिसऱ्यातली ती डायल. डायलचे मागचे दोन बारीक पाय ह्या मशीनच्या भोकांत बसेनात, तेव्हा मी ते छाटले आणि डायल चिकटवली, दाताची टोपी बसवायच्या चिकटवणाने. काटे चौथ्या घड्याळाचे. मिनिटकाटा लांब होत होता, त्याचं टोक घासून कमी केलं, आणि जरा जास्तच कमी झालं. तीन संध्याकाळी लागल्या. इतका आनंद मला कुठल्याच दाताने दिला नव्हता. मग ते लिलावाच्या पानावर टाकून त्यांना कळवलं, आणि वर्णनात दोन शब्द लिहिले. 'मूळ स्थितीत.' का लिहिले ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. पैशासाठी नाही, भाव मी बेताचाच ठेवला होता. मला वाटतं, दात करणाऱ्याची खोड नडली. काम ओळखू येता कामा नये.

त्या गृहस्थांनी ते घेतलं, आभाराचे चार शब्द लिहिले, आणि संपलं. त्यानंतर मी अकरा वर्षं एकही वर्णन खोटं लिहिलं नाही. भिंगाचा जो काही लौकिक आहे तो त्या दोन शब्दांच्या भीतीतून झाला आहे, हे ग्रुपवर कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

आता पानावर लिहिलं होतं, 'माझ्या सासऱ्यांचं घड्याळ. यजमानांनी जपून ठेवलं होतं. यजमान मागच्या वर्षी गेले. मला ह्यातलं फार कळत नाही, पण घरातलंच आहे हे नक्की.' गाव तेच होतं जिथे मी ते पार्सल पाठवलं होतं. मी ती चार वाक्यं दिवसभरात किती वेळा वाचली असतील कोण जाणे. माझ्या जेवणाच्या टेबलावर जन्मलेल्या घड्याळाला मधल्या काळात एक सासरा मिळाला होता. त्याने ते पहिल्या पगारातून घेतलं असेल, कामावर जाताना उशीखालून काढलं असेल, असं सगळं त्या बाईंच्या मनात नीट भरलेलं असणार. हे त्यांना कोणी सांगितलं? नवऱ्यानेच. पण का? मी एका कवळीच्या हिरड्यांना रंग देत होतो आणि त्या माणसाच्या डोक्यात शिरायचा प्रयत्न करत होतो. पहिल्यांदा हौस म्हणून बोलला असेल, हे बाबांचं, आणि मग ते मागे घेता आलं नसेल. किंवा बोलता बोलता त्याला स्वतःलाच खरं वाटू लागलं असेल. मला तो माणूस आवडायला लागला होता, ही एक पंचाईत. बुधवारी मी बाईंना पानावरून एक साधा प्रश्न पाठवला. घड्याळ नक्की सासऱ्यांचंच का? तासाभरात उत्तर आलं. 'हो, त्यांचंच. यजमान फार बोलायचे त्याच्याबद्दल.' बिचारी, असं मी मनात म्हटलं. खरंच तोच शब्द म्हटला.

गुरुवारी ग्रुपवर आग लागली. कोणीतरी ते पान शोधून काढलं आणि लिहिलं, निळसर करड्या डायलवर सोनेरी काटे, आजवर कुठेच नोंद नाही. दुसऱ्याने लिहिलं, कंपनीने काटे बदलले त्या मधल्या दोनतीन महिन्यांतलं असणार. तिसऱ्याने त्या दोनतीन महिन्यांना नावसुद्धा देऊन टाकलं. संध्याकाळपर्यंत तो एक प्रकार झाला, आणि त्याची आणखी दोन घड्याळं कधीतरी पाहिल्याचं एकाला आठवलंसुद्धा. मी वाचत होतो आणि मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. असंच असतं का सगळं, असा विचार आला. मी इतकी वर्षं ज्या माहितीपत्रकांना आणि नोंदींना मानत आलो त्यांच्या बुडाशी कुठेतरी असाच एखादा मागच्या खोलीतला माणूस काटा घासत बसलेला असेल का? हा विचार मला त्रासदायक वाटायला हवा होता. तो फारच रंजक वाटला, आणि मी त्याच्या नादात दोन तास घालवले.

शुक्रवारी दुपारी पोस्टमास्तरांचा फोन आला. ते आमच्या ग्रुपवरचे सगळ्यांत वयस्कर, खरोखरच निवृत्त पोस्टमास्तर. सावकाश बोलतात आणि दर वाक्यानंतर पावती फाडावी तसे थांबतात.

"भिंग, तुम्ही गप्प का?"

"बघतोय," मी म्हणालो.

"मी आयुष्यात एकदाच मोठी बोली लावणार आहे. हिने परवानगी दिली आहे. पण तुमचा शब्द असेल तरच. खरं आहे ना ते?"

मी म्हणालो, उद्या सांगतो. खिडकीतून डॉक्टरीणबाईंची गाडी दिसत होती, तिच्यावर एक कावळा बसला होता. मी तो उडेपर्यंत फोन कानालाच धरून उभा राहिलो. गप्प राहिलो तर पोस्टमास्तर तोंडघशी पडणार होते. बोललो तर भिंग संपणार होता, बाईंच्या हातचं गिऱ्हाईक जाणार होतं, आणि नवरा आपल्याशी इतकी वर्षं खोटं बोलला हे त्यांना माझ्याकडून कळणार होतं.

बायकोला मी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. ती कपाटातले जुने कपडे काढून त्यांचे गठ्ठे करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एका सदऱ्याची बटणं तपासली, आणि म्हणाली, "दिवसभर खोटे दात करता, त्याची कधी लाज वाटली नाही. आणि एका काट्याची वाटते?"

"दाताला मी खरा म्हणत नाही."

"म्हणायची गरजच नसते, तोंडातच असतो तो." मग जरा मऊ झाली. "हे बघा, आधी त्या बाईंना फोन करा. नुसतं बोला. त्यांचं काय म्हणणं आहे ते ऐका, मग काय ते गावभर करा."

तिचं बरोबर होतं. ते मला तेव्हाही कळलं होतं, हे विशेष. पण फोन करायचा म्हणजे एका बाईचा आवाज ऐकायचा, आणि तो मध्येच बदलला तर तोही ऐकायचा. ग्रुपवर लिहिणं त्यापेक्षा सोपं. शिवाय, आता खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात मला त्या लिखाणाची वाक्यं सुचायलाही लागली होती, आणि ती चांगली होती.

शनिवारी सकाळी मी ते लिहिलं. सगळं लिहिलं. पेन्सिलीचं चित्र, चार घड्याळं, छाटलेले पाय, चिकटवण, घासलेला काटा, दोन शब्द. शेवटी लिहिलं की हे घड्याळ माझ्या हातचं आहे आणि अकरा वर्षं ते माझ्या मनावर आहे. पाठवताना डोळे ओले झाले, हे मी लपवत नाही. दुपारपर्यंत चाळीस जणांनी वाचलं. काहींनी लिहिलं, हिंमत लागते. एकाने लिहिलं, मग माझ्या त्या मागच्या घड्याळाचं काय, तेही तुम्हीच खरं म्हणाला होतात. पोस्टमास्तरांनी फक्त 'बरं' असं लिहिलं. आणि बोल्या उतरायला लागल्या. वर्णनाबद्दल वाद झाला तर बोली मागे घेता येते, आणि एकेकाने घेतली. मी पान उघडायचो तेव्हा आकडा खाली आलेला असायचा. रविवारी सकाळी अकराला लिलाव संपायचा होता. पावणेअकराला तिथे कोणीच नव्हतं. बाईंनी ठेवलेला अगदी पहिला आकडा तेवढा तसाच उभा होता. मग मी स्वतः बोली लावली. आपली वस्तू आपण परत घ्यावी, तिने आणखी कोणाला फसवू नये, असं मी स्वतःला समजावलं. पण खरं म्हणजे मला ते हातात घेऊन बघायचं होतं. अकरा वर्षांत ते चिकटवण कसं टिकलं, ह्याची मला भयंकर उत्सुकता होती. शेवटच्या सहा सेकंदांत मी त्या नाव नसलेल्या माणसाची वाट बघितली. तोसुद्धा आला नाही.

पार्सल गुरुवारी दवाखान्यात आलं. एका जुन्या साबणाच्या खोक्यात, कापसात, इतकं नीट बांधलेलं की गाठी सोडवायला पाच मिनिटं गेली. मी भिंग लावलं आणि पहिल्यांदा मिनिटकाटा बघितला. तो आखूड नव्हता. बाहेरच्या रेघेला अगदी टेकलेला होता. मी घड्याळ जरासं तिरकं धरलं, त्या नऊही फोटोंत होतं तसं, तेव्हा काचेच्या कडेने त्याचं टोक खाल्लं आणि तो आखूड झाला. सरळ धरलं की पुन्हा पुरता. फोटोवरून घड्याळ ओळखू नये, हे मी ग्रुपवर निदान शंभर वेळा लिहिलं असेल. मी मागचं झाकण उघडलं. मशीन काढलं, काटे उचलले, डायलच्या बाजूचे दोन बारीक स्क्रू शोधले. ते होते. त्यांच्या खाचा कोऱ्या होत्या, कधीच कोणाचा पेचकस न लागलेल्या. ते सैल केले आणि डायल अलगद सुटून माझ्या हातात आली. मागे दोन पाय, पूर्ण. चिकटवणाचा मागमूस नाही. आणि डायलच्या समोरच्या बाजूला, वर्षानुवर्षं ते सोनेरी काटे एकाच जागी थांबले असतील तिथे, दोन फिकट सावल्या पडलेल्या. असली सावली कोणाला करता येत नाही. मला तरी येत नाही, आणि मी सत्तावीस वर्षं असलीच कामं करतो आहे.

म्हणजे असं घड्याळ होतं. त्या गृहस्थांना बादलीतल्या पाण्याचा रंग बरोबर आठवत होता आणि चूक माहितीपत्रकांची होती. हे घड्याळ मी केलेलं नव्हतंच, आणि मी साऱ्या जगाला छातीठोकपणे सांगितलं होतं की हे माझं पाप आहे. मी बराच वेळ ती डायल चिमट्यात धरून बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बिघडलंय का?" मी म्हणालो, "नाही ना."

त्याच दुपारी ग्रुपवर लिहिलं. माझी चूक झाली, घड्याळ अस्सल आहे, फोटो जोडले आहेत. पंधरा मिनिटांनी पोस्टमास्तरांचा फोन.

"भिंग, मी साधा माणूस आहे," ते म्हणाले आणि थांबले. "आधी तुम्ही खोटं म्हणालात. आम्ही उठून गेलो. मग तुम्ही ते पडत्या भावात घेतलंत. आता म्हणता खरं आहे." पुन्हा थांबले. "मी काय समजावं?"

मी सांगू लागलो, काचेची कड, तिरका फोटो, ओरखडा नसलेले स्क्रू. माझंच मला ऐकू येत होतं आणि ते एखाद्या भामट्याचं बोलणं वाटत होतं, चांगल्या, तयारीच्या भामट्याचं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन ठेवला. वाईट मला ह्याचं वाटलं की त्यांच्या आवाजात राग नव्हता. भिंगाला आता कोणी काही विचारणार नाही, हे तिथेच कळून चुकलं. पण त्याहून मोठी गोष्ट रात्रभर टोचत राहिली. बाईंच्या घरातली एक खरी वस्तू मी माझ्या हाताने मातीमोल केली होती, आणि ती आता माझ्याच खणात होती.

रविवारी मी बसने त्या गावाला गेलो. दोन तासांचा रस्ता. खिशात घड्याळ, आणि ते टिकटिकत होतं. मी त्याला साफ करून तेल दिलं होतं. घर दुसऱ्या मजल्यावर, जिन्यात कोणाच्या तरी कुंड्या. बाई साठीच्या असतील, बारीक, चष्मा कपाळावर ढकललेल्या. मी नाव सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "हां, ते लिहिणारे. या." मी उंबऱ्यातच सुरुवात केली, की मी हे परत द्यायला आलो आहे, माझी फार मोठी चूक झाली. त्या म्हणाल्या, "आधी बसा तर." त्यांनी पाणी आणून ठेवलं आणि समोर बसल्या. पेला उचलायला मी हात पुढे केला आणि माझा हात तसाच राहिला. त्यांच्या मनगटावर, पट्ट्याला आणखी दोन भोकं पाडून आवळलेलं, निळसर करडं, सोनेरी काट्यांचं घड्याळ होतं. मिनिटकाटा आखूड.

"हे तुमचं का?" त्यांनी हात पुढे केला. "तुमचं ते सगळं वाचलं मी. भाचीने फोनवर पाठवलं. वाचून मला इतकं नवल वाटलं! मी विचार करत होते, हे इथे माझ्या हातावर आहे आणि हा माणूस भलत्याच घड्याळाचं काय सांगत बसलाय."

"तुम्ही मला कळवायचं तरी."

"तुम्ही मला विचारलंत कुठे? नुसतं सासऱ्यांचंच का म्हणून विचारलंत. मी हो म्हणाले. मग एकदम तुमचं ते मोठं लिखाणच आलं." त्या रागावलेल्या नव्हत्या, खरोखर समजून घ्यायला बघत होत्या. "मला वाटलं, आता ह्यांना मध्ये कुठे टोकायचं. इतकं मनापासून लिहिलं होतं."

मी पाणी प्यायलो. मग विचारलं, दोन कशी झाली?

"सासऱ्यांचं घर बदललं तेव्हा त्यांचं हरवलं. ह्यांच्या हातून. सासरे तेव्हा अंथरुणाला खिळलेले. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, पण रोज विचारायचे, माझं घड्याळ कुठे आहे? हे म्हणायचे, दुरुस्तीला दिलंय. दोन महिने दुरुस्तीला! शेवटी तुमचं आलं. ह्यांनी ते पुढे केलं. मी दारात उभी होते. सासऱ्यांनी हातात घेतलं, अंगठ्याने काच चाचपली, कानाला लावलं. किती वेळ लावून होते. मग म्हणाले, चांगलं केलंय कारागिराने. आधी इतकं नीट चालत नव्हतं." त्या हसल्या. "सात महिने उशाशी होतं. गेले तेव्हा हातात होतं. पुढच्या वर्षी ते जुनं बॅगेच्या अस्तरात सापडलं. ह्यांनी बघितलं आणि खणात ठेवून दिलं. म्हणाले, बाबा ज्याला आपलं म्हणून गेले ते हे. तेव्हापासून हेच वापरलं, रोज सकाळी चावी देऊन. आता मी देते. मग दुसरं ठेवून काय करायचं होतं मला? ह्या जिन्याचं आता जमत नाही, म्हणून खाली जागा बघते आहे. त्याला थोडा हातभार झाला असता."

अकरा वर्षं मी ज्याची लाज बाळगली त्याने कोणाचं काहीही वाकडं झालेलं नव्हतं. वाकडं झालं ते मी लिहिलं त्या शनिवारी. हे मी त्यांना म्हणालो नाही, कारण तेही पुन्हा माझ्याबद्दलच झालं असतं. मी खिशातून त्यांच्या सासऱ्यांचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि ते परत घ्या म्हणालो. त्यांनी ते उचललं, कानाला लावलं, आणि माझ्याकडे सरकवलं.

"मला नको. विकायचंच आहे. तुम्हीच विकून द्या ना, तुम्हाला त्यातलं कळतं."

"माझ्यावर आता कोणी विश्वास ठेवणार नाही."

"का बरं? घड्याळ तर खरं आहे ना?"

"आहे."

"मग तेवढंच लिहा. ह्या खेपेला घड्याळाबद्दल लिहा हं. तुमच्याबद्दल नको."

मी हो म्हणालो. घड्याळ पुन्हा कापसात गुंडाळलं आणि परतीची बस कितीची आहे ते विचारलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला, मनगट जवळ नेलं, आणि म्हणाल्या की अजून वीस मिनिटं आहेत, चहा ठेवते.